दुपारचा पास

थिएटर रिकामं झालं ते वयावयानं झालं. आधी विशीतली पोरं गेली. त्यांचं जाणं कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ती मुळात पडद्याकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघायची, आणि एकमेकांकडे बघायला त्यांना आता अंधाराची गरज उरली नव्हती. मग पोराबाळांची कुटुंबं गेली. ती मात्र बोलून गेली. खुर्च्या टोचतात, पंखे खडखडतात, बाथरूमकडून वास येतो. खुर्च्या, पंखे आणि वास पहिल्यापासून तसेच होते. घरी मोठा टीव्ही आल्यावर ते टोचायला लागले. चाळिशीतले लोक 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणत राहिले आणि म्हणता म्हणता पन्नाशीचे झाले. शेवटी उरले म्हातारे. ते निष्ठेनं उरले असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. त्यांना दुसरीकडे कुणी बोलावलं नव्हतं, एवढंच.

आणि म्हातारे तरी किती? दुपारच्या शोला पंखे जास्त आणि डोकी कमी. मालकानं मॅनेजरला बोलावून सांगितलं, "दुपारी अर्धं थिएटर भरून दाखवा. नाही तर मी फर्निचरचं गोदाम करतो. कपाटं निदान बाथरूमला जात नाहीत."

मॅनेजर अशा वयाचा होता, की त्याला दुसरीकडे नोकरी मिळाली असती ती फक्त वरच्या घरी. त्यामुळे तो तिकीट खिडकीशी खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्यांकडे बघू लागला. एका दुपारी एक बाई वडिलांना हाताला धरून घेऊन आली. तिनं एक तिकीट मागितलं आणि विचारलं, "सुटतो किती वाजता?"

पिक्चर कुठला आहे हे तिनं विचारलंच नाही.

मॅनेजरला जे कळायचं ते त्या एका प्रश्नात कळलं. म्हाताऱ्यांना तिकीट विकून थिएटर भरणार नाही. ते विकायचं म्हाताऱ्यांच्या घरच्यांना. त्यानं महिन्याचा दुपारचा पास काढला आणि गल्लीगल्लीतून घरोघरी फिरला. दारात सून किंवा लेक आली की तो आवाज खाली आणून सांगायचा, "गादीची खुर्ची, पंखा, प्यायला पाणी, मध्यंतरात चहा-बिस्किट. सोबत सगळे त्यांच्याच वयाचे. दुपारभर काळजी नाही."

"आणि पिक्चर?"

"चांगलाच असतो."

"नाही हो, आपलं विचारलं."

महिन्याभरात दुपारचा शो भरला. बाल्कनी बंद केली, कारण ती चढायला कुणाचे गुडघे तयार नव्हते. आठवडाभर एकच पिक्चर चालायचा, कधी दोन आठवडे. कुणी तक्रार केली नाही. निम्म्यांना पहिल्या दिवशी ऐकू आलेलं नसायचं, उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी आठवत नसायचं, आणि ज्यांना ऐकूही यायचं आणि आठवायचंही, त्यांना विचारतो कोण?

तक्रार आली ती घरून. "अहो, आमचे मामंजी मध्यंतरातच घरी आले! मग पास कशाला काढला आम्ही?" अशा दोनचार सुना एकदम आल्यावर मॅनेजरनं डोअरकीपरला हाताशी धरलं, आणि दाराशी पाटी लागली: 'काठ्या वाटेत आडव्या येतात. अपघात टाळा. काठी जमा करून बिल्ला घ्या.' पूर्वी जिथे येणाऱ्या पिक्चरचे फोटो लावायचे ती काचेची लांबलचक चौकट रिकामीच होती. डोअरकीपर काठ्या तिच्यात ओळीनं उभ्या करायचा आणि कुलूप लावायचा. वरची जुनी अक्षरं कुणी काढली नव्हती. 'लवकरच येत आहे' या शब्दांखाली रोज दुपारी काठ्यांची रांग उभी राहायची. शो सुटला की बिल्ला द्यायचा, काठी घ्यायची आणि घरी जायचं. मध्ये काठी मागितली तर डोअरकीपर म्हणायचा, "चावी मॅनेजरकडे, आणि मॅनेजर जेवायला गेलेत." मॅनेजर तीन तास जेवायचा.

हे सगळ्यांना कळत होतं. पण कळलं असं एकानं कबूल केलं, तर बाकीच्यांनाही करावं लागलं असतं. म्हणून सगळे एकमेकांना सांगायचे, "मला लहानपणापासून वेडच आहे हो पिक्चरचं."

यातल्या एकाला खरोखरच वेड होतं. त्याला सगळे शिट्टी म्हणायचे.

शिट्टी विशीत होता तेव्हा पहिल्या दिवशी, पहिल्या शोला, पहिल्या रांगेत असायचा. नायक पडद्यावर आला की दोन बोटं तोंडात घालून तो अशी शिट्टी ठोकायचा की बाल्कनीतल्या बायका छातीवर हात ठेवायच्या. बाकीचं थिएटर त्याच्यानंतर ओरडायचं. आधी ओरडणं म्हणजे आगाऊपणा. एकदा कावीळ होऊन तो अंथरुणाला खिळला, तर तेव्हाच्या मॅनेजरनं घरी माणूस पाठवला होता. तब्येतीची चौकशी करायला नव्हे, शुक्रवारपर्यंत उठेल का ते विचारायला.

मग दात गेले, कवळी आली, आणि दातांबरोबर शिट्टीही गेली. नाव तेवढं राहिलं, दुकान बंद पडल्यावर पाटी राहते तसं.

घरी मुलगा, सून आणि नात. नातीला तो छबी म्हणायचा. ती लहान असताना दुपारी शाळेतून आली की याच्या खाटेवर उशी कवटाळून बसायची आणि हा तिला अख्खा पिक्चर सांगायचा, मारामारीसकट, पार्श्वसंगीतासकट. नायक आला की ती दोन्ही कान झाकायची, कारण आता आजोबा शिट्टी मारणार. शिट्टीच्या जागी नुसती फुस्स हवा यायची आणि छबी खाटेवरून खाली पडेपर्यंत हसायची. संध्याकाळी ती क्लासला जायची. म्हाताऱ्याचा दिवस म्हणजे तेवढी दुपार. बाकीचे तास तिच्या अलीकडचे नाही तर पलीकडचे.

पास आला आणि नेमकी तीच दुपार गेली. शो सुटून तो घरी पोचेपर्यंत छबी क्लासला गेलेली असायची, आणि ती परत येईपर्यंत याचा डोळा लागलेला असायचा. छबी आता तेराची झाली होती, हे खरं तर यातलं महत्त्वाचं. पण म्हाताऱ्यानं तो आकडा कधी हिशेबात धरलाच नाही. त्यानं सगळं सुनेच्या खात्यावर मांडलं. पाण्याची बाटली तीच भरून द्यायची, टोपी तीच हातात ठेवायची, "बाबा, उशीर होईल," असं तीच म्हणायची.

"सुनेनं आमच्यात करवत घातली," तो शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना सांगायचा.

या बाई जन्मभर हॉस्पिटलात नर्स होत्या, आणि माणसाकडे बघताना त्यांची नजर अजून नाडीवर असल्यासारखी असायची. त्या म्हणायच्या, "घरोघरी तेच. गप बघा. आता नायकाची आई मरेल."

"काल मेली की."

"आजही मरेल. नियमित आहे बिचारी."

पिक्चरचा दुसरा आठवडा चालू होता तेव्हाची गोष्ट. एके सकाळी कवळी धुताना शिट्टीनं सहज दोन बोटं तोंडात घातली, जीभ मागे दुमडली आणि फुंकर मारली. कवळी वाटीत होती. तोंड मोकळं होतं. आणि शिट्टी वाजली! जुनी नव्हे, पण वाजली. कुकरची पहिली वाजते तशी, थोडी ओली, पण खरी. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा वाजली. इतकी वर्षं शिट्टी अडली होती ती कवळीमुळे, आणि याचा समज की दात गेले म्हणून!

छबी शाळेत गेली होती. आता ती परत येईपर्यंत थांबायचं आणि मग ऐकवायची. पण परत यायच्या वेळी हा काठी गहाण टाकून अंधारात बसलेला. रविवारी पास नसायचा, पण रविवारी घरात मुलगा असायचा, टीव्ही असायचा, छबीच्या कानात इअरफोनची बोंडं असायची. त्याला दुपारच हवी होती, खाट हवी होती, आणि कान झाकणारी छबी हवी होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं काठी जमा केली, बिल्ला घेतला, आणि काखेत छत्री ठेवून पुढे झाला.

"शिट्टी, उन्हाळ्यात छत्री रे?" डोअरकीपर म्हणाला. दोघं एकाच वयाचे. फरक एवढाच की एकाला घरच्यांनी पाठवलं होतं आणि दुसऱ्याला पगार होता.

"ऊन लागतं."

"आत?"

"आत नाही रे, जाताना. तू तिकिटं फाड."

"तिकिटं कुठली आता? पंच करतो," डोअरकीपर म्हणाला आणि पासावर त्या दिवसाच्या चौकोनात भोक पाडलं.

जाहिराती संपता संपता शिट्टीनं नर्सबाईंना छत्री दाखवली. "मध्यंतरात मागच्या दारानं जाणार. काठी राहू दे त्यांच्याकडे."

"सून हाकलेल."

"सुनेला भेटायला कोण जातंय? नातीकडे चाललोय. शिट्टी सापडली माझी."

नर्सबाईंनी त्याच्याकडे तिरकं पाहिलं. "न सांगता घरी जाऊ नये हो. आमच्या वॉर्डात असं व्हायचं. डॉक्टर अचानक डिस्चार्ज द्यायचे, पेशंट खूश होऊन घरी फोन लावायचा, आणि पलीकडे इतका वेळ कुणी बोलायचंच नाही. रात्री तोच पेशंट म्हणायचा, सिस्टर, अजून थोडं दुखतंय."

"माझी छबी तसली नाही."

"मी कुठे काय म्हटलं? चहा घेऊन जा. पासात धरलाय."

मध्यंतर झालं तरी त्यानं चहा घेतला नाही. बाथरूमशेजारचं दार ढकललं आणि छत्री टेकत तो गल्लीत उतरला. छत्री काठीपेक्षा आखूड, त्यामुळे तो एका बाजूला झुकून चालत होता, पण चालत होता. वाटेत त्यानं नायकाच्या प्रवेशाची तयारी केली. बेल वाजवायची नाही. कवळी काढून हातात घ्यायची आणि दारातूनच ठोकायची.

त्यानं तसंच केलं. शिट्टी जिन्यात अशी घुमली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

दार उघडलं ते एका अनोळखी मुलीनं. तिनं समोर पाहिलं. घामेजलेला म्हातारा, तोंडात दोन बोटं, ओठ आत गेलेले, दुसऱ्या हातात छत्री आणि दात. ती किंचाळली. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरायला तिनं तोंडावर हात धरला तेव्हा आतून आणखी दोघीतिघींचं हसू आलं.

"छबी आहे का?" म्हाताऱ्यानं बोळक्यातून विचारलं.

"छबी?" ती मुलगी मागे वळली. "ए, छबी कोण? तुला छबी म्हणतात?"

त्याच्याच खोलीत पडदे ओढलेले होते. त्याच्या खाटेवर, खाली सतरंजीवर, भिंतीला टेकून, मुलीच मुली बसल्या होत्या. अंधारात प्रत्येकीच्या तोंडावर तिच्या तिच्या फोनचा उजेड होता. उशी एकीच्या पाठीशी होती, छबी खाटेच्या कोपऱ्यात होती, आणि तिचे कान लाल झाले होते. झाकलेले नव्हते. एवढं भरलेलं थिएटर म्हाताऱ्यानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आजोबा, तुम्ही आत्ता कसे?" ती म्हणाली. "शो सुटला?"

"मीच सुटलो." त्यानं घाईघाईनं कवळी बसवली, ती जरा वाकडीच बसली. "तुला तो नवा पिक्चर सांगायला आलो. त्यात काय होतं, तो गावाला येतो ना—"

"आई मरते, भाऊ खोटा निघतो, शेवटी तो पोलिसांकडे जातो. बघितलाय मी."

"कधी? कुठे?"

"फोनवर. पाच मिनिटांत सांगतात सगळा." तिनं फोन उचलून दाखवला आणि परत खाली धरला. "आजोबा, इथे जागा नाहीये. प्लीज."

ती उद्धटपणे बोलली नाही. डोअरकीपर हाऊसफुलला बोलायचे तसं बोलली.

तेवढ्यात आतून सून आली. मांडीवरचं ऑफिसचं काम टाकून आली असावी; चष्मा कपाळावर होता. "बाबा! काठी कुठाय तुमची? चालत आलात? बसा आधी."

"आई," छबी खाटेवरून म्हणाली, आणि आता तिचा आवाज चिरका झाला, "पास आहे ना त्यांचा? मग? माझ्या वाढदिवसाच्या पैशांतून काढलाय ना आपण? मग तरी कसे येतात?"

मैत्रिणींनी माना फोनमध्ये घातल्या. सुनेनं डोळे मिटून घेतले.

म्हातारा स्वयंपाकघरात गेला. सुनेनं त्याला पाणी दिलं, ते तो प्यायला. मग तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही."

"माहीत आहे."

"मी सगळ्यांना सांगितलंय तसं. थिएटरात."

"तेही माहीत आहे. नर्सबाईंची सून माझ्याच ऑफिसात आहे." तिनं पेला विसळला. "मी आधी नको म्हणत होते. पण पोरीनं ऐकलं नाही, आणि दुपारी घरात शांतता असली की माझंही काम होतं, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, शिव्या मलाच घालू देत. तुम्ही सुनेला घातल्या तर जगाला चालतं. नातीला घातल्या असत्या, तर राहिलं काय असतं तुमच्याकडे?"

सुनेवरचा राग हे म्हाताऱ्याचं गेल्या दोन महिन्यांतलं एकमेव भांडवल होतं. ते तिनं पेल्यासारखं विसळून पालथं घातलं.

"काठी आणायला हवी," तो म्हणाला.

"मी येते सोबत."

"नको. तुम्ही काम करा." दाराशी तो थांबला. "तिला सांगा, छबी म्हणून हाक नाही मारणार आता."

आतून कुणी तरी हसलं. फोनमधल्या कशाला तरी हसली असेल.

थिएटरचं मागचं दार आतून बंद झालं होतं. तो पुढून गेला. डोअरकीपर स्टुलावर बसून कान कोरत होता. त्यानं शिट्टीकडे पाहिलं आणि कान कोरायचा थांबला.

"तू बाहेर कसा?"

"आत सोड."

"कसा सोडू? पास पंच झालाय. हिशेबानं तू आतच बसलायस."

"मग काठी दे."

"काठी शो सुटल्यावर. आत्ता दिली तर मॅनेजर विचारणार, हा बाहेर आला कुठून? माझी नोकरी जाईल शिट्टी, आणि मग मलाही कुणी तरी पास काढून देईल." डोअरकीपरनं आजूबाजूला बघून पायरीकडे बोट केलं. "तिथे बस. सावली आहे. सुटल्यावर गर्दीत मिसळ."

तो पायरीवर बसला. आत पिक्चर चालूच होता. बंद दारातून आवाज यायचा तो पोत्यातून आल्यासारखा. घरात जागा नव्हती, थिएटरात जागा होती पण ती त्याच्याच नावानं भरलेली होती.

थोड्या वेळानं एक तरुण जोडपं आलं. म्हाताऱ्याच्या मनात आलं, चला, कुणी तरी येतंय अजून. मुलगी काचेच्या चौकटीतल्या काठ्यांकडे बघून म्हणाली, "अय्या, हे किती भारी आहे! इथे काढ." ती थिएटरकडे पाठ करून उभी राहिली. आता तरुण माणसं थिएटरला येतात ती अशीच, पाठ करून. मुलानं फोन धरला, मान वाकडी केली, मग फोन खाली घेतला.

"आजोबा, जरा बाजूला होता का? तुम्ही येताय फोटोत."

म्हातारा सरकला.

"अजून थोडं."

तो अजून सरकला. सावली संपली. फोटो चांगला आला असावा, कारण दोघं तो बघत बघतच निघून गेले. तिकीट खिडकीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

आत एकदम ढोल वाजले. शेवटच्या मारामारीआधीचा नायकाचा प्रवेश. सतत बघून म्हाताऱ्याला ती जागा पाठ झाली होती. पूर्वी याच क्षणी सगळं थिएटर श्वास धरून त्याच्याकडे वळायचं. त्याचा हात आपोआप तोंडाकडे गेला. दोन बोटं ओठाला लागली, कवळीवर आपटली आणि खाली आली. आत कुणी ओरडलं नाही. एक खोकला ऐकू आला.

शो सुटला. डोअरकीपरनं कुलूप काढलं आणि म्हातारे बिल्ले पुढे करून काठ्या घेऊ लागले. आपली काठी समजून दुसऱ्याची नेणं, मग भांडण, मग 'वेड आहे हो मला पिक्चरचं', सगळं नेहमीसारखं झालं. नर्सबाई पायरीशी आल्या. त्यांनी त्याच्या उन्हानं तापलेल्या कपाळाकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजल्या.

"पिक्चर कसा होता?" त्यांनी विचारलं.

"चांगला होता," शिट्टी म्हणाला. "आई मेली."

"सुनेनं हाकललं?"

त्याच्या डोळ्यांसमोर सून पेला विसळत होती. "हो," तो म्हणाला. "तिनंच."

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत तो रांगेत पहिला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पाण्याची बाटली गळ्यात. त्यानं काठी पुढे केली, बिल्ला घेतला, आणि मग काखेतली छत्रीही डोअरकीपरच्या हातात दिली.

"ही कशाला?" डोअरकीपर म्हणाला. "छत्रीचा नियम नाही."

"घे."

"अरे, पण पाटीवर फक्त काठी—"

"घे रे. कुलूप लाव."

डोअरकीपरनं छत्री काठ्यांच्या ओळीत उभी केली, कुलूप लावलं आणि पासाला आजचं भोक पाडलं. मॅनेजर तिकीट खिडकीतून हे बघत होता. संध्याकाळपर्यंत पाटीवर रंगाच्या ब्रशनं दोन शब्द वाढले होते: 'व छत्र्या'.